चुकीचे उत्तर माझ्याकडे होते

नांदेडच्या आमच्या शाळेला सुट्टी शुक्रवारी असे. आठवडा शनिवारी सुरू होई. त्या शनिवारी तो एका बातमीने सुरू झाला: बुधवारी मुआयना. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब येऊन वर्ग तपासणार होते.

आम्ही नववीत होतो. निजामी अंमल होता आणि शिक्षण उर्दूतून होते. भूगोलाचे मास्तर मूळ लातूरचे. ते धडा उर्दूत वाचत, दार लोटून घेत आणि मग मराठीत समजावून सांगत. तीन वर्षे ते हंगामी होते. कायम झाल्याशिवाय बिऱ्हाड आणायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. बायको-मुले लातूरला राहत होती आणि मास्तर इथे खानावळीत जेवत होते. आमटी पातळ असली की त्याचा हिशेब आमच्या पाठीवर होई, त्यामुळे त्यांच्या कायम होण्यात वर्गालाही रस होता.

आदल्या वर्षीच्या मुआयन्यात आम्ही सगळी उत्तरे बरोबर दिली होती. साहेबांनी शेरा मारला, 'मुलांना पढवले आहे.' कायम करण्याचा कागद तिथेच अडला. या खेपेला मास्तरांनी नवी तजवीज केली. प्रश्न आधीसारखेच वाटून दिले, पण एक उत्तर चुकीचे ठेवले. एक मुलगा चुकणार, मास्तर नकाशावर काठी फिरवून शुद्ध उर्दूत त्याला दुरुस्त करणार. चुकण्यासाठी त्यांनी मला निवडले.

"मीच काहून, मास्तर?"

"तुझं उर्दू साफ आहे. चूक तरी नीट ऐकू येईल."

प्रश्न होता, गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते. मी सांगायचे होते, 'बहिरा-ए-अरब', अरबी समुद्र. म्हणजे नदीकाठी जन्मलेल्या मुलाने भर वर्गात नदी उलटी वाहवायची.

रविवारी भिंतींना चुना लागला. सोमवारी कवायत झाली. रूमी टोप्या जमतील तिथून गोळा झाल्या. माझ्या वाट्याला आलेली कानांवर टेकत होती. या गडबडीत रोज शेवटच्या तासाला तालीम चाले आणि रोज मी चुके. मंगळवारपर्यंत ही गोष्ट नदीच्या घाटावर पोहोचली होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"काय बे, गंगा नाशिककडं फिरवून राहिला म्हणं?" वर्गातल्या एकाने विचारले.

"हाव. उद्या याच्या घरी पाणी भरायला जाऊ. तिकडूनच जाईल," दुसरा म्हणाला.

बुधवारी साहेब आले, मागच्या बाकावर बसले. उंच, शांत माणूस. मास्तरांनी धडा सुरू केला. पहिली चार उत्तरे ठरल्याबरहुकूम आली. मग माझे नाव पुकारले गेले. मी उठलो. मागे घाटावरची टोळी खाकरली. साहेब माझ्याकडेच पाहत होते. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "खलीज-ए-बंगाल."

बंगालचा उपसागर. उत्तर बरोबर होते. मास्तरांनी ते ऐकलेच नाही. चार दिवसांच्या तालमीने त्यांचेही पाठांतर पक्के झाले होते.

"ग़लत! बैठ जाओ," ते गरजले. काठी नकाशावर त्र्यंबकेश्वरापासून निघाली, नांदेडवरून पूर्वेकडे गेली आणि समुद्रात थांबली. "खलीज-ए-बंगाल!"



"लड़के ने क्या कहा था?" साहेबांनी विचारले.

मास्तरांच्या हातातली काठी समुद्रातून नकाशाच्या चौकटीवर आली. बसलेला मी पुन्हा उठलो. "जनाब, ग़लत जवाब देना मेरे ज़िम्मे था."

साहेब हसले. टोपी काढून बाकावर ठेवावी लागली, इतके हसले. मग उठून पुढे आले, नकाशा स्वतः गुंडाळला आणि बिलोलीकडच्या एका मुलाला विचारले की मांजरा नदी कुठे जाते. हा प्रश्न कुणालाच वाटून दिलेला नव्हता. मुलगा गडबडला आणि मराठीतच सुटला: "लातूरकडून येती, साहेब. आमच्या मामाच्या शिवाराखालून जाती अन् म्होरं गंगेला मिळती. मास्तरांनी वाळूत काढून दावली व्हती."

मास्तरांनी डोळे मिटले. उर्दूच्या वर्गात मराठी, तीही साहेबांसमोर.

"यह पढ़ाया हुआ है, रटाया हुआ नहीं," साहेब म्हणाले आणि शेरेबुकात काहीतरी लिहून पुढच्या वर्गात गेले. मास्तरांनी उरलेला तास कुणाला काही विचारले नाही. माझ्याकडे तर पाहिलेही नाही. शनिवारपर्यंत मी मार धरून चाललो होतो. तो आला नाही.

दोन महिन्यांनी हुकूम आला: मास्तर कायम. पुढच्याच आठवड्यात लातूरहून बिऱ्हाड आले. एका सकाळी घाटावर मास्तर सहकुटुंब दिसले. मी वाट बदलत होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"हाच का तो?" बाईंनी विचारले.

"हाच," मास्तर म्हणाले. "एक चूक करायला सांगितली होती. तीही धड जमली नाही."