मधली जागा

माझ्या कॅमेऱ्याचं भिंग एका फुटक्या डबा-कॅमेऱ्यातून काढलेलं होतं. धुळ्यातला मोठा स्टुडिओवाला त्याला चारचौघांत ‘चाळिशीची काच’ म्हणायचा. मला राग यायचा, कारण तो फारसं खोटं बोलत नव्हता. मधोमध बसलेल्याचा चेहरा असा यायचा की भुवईचे केस मोजून घ्यावेत, आणि काठाला जो असेल तो पाणी घातलेल्या दुधासारखा पाणचट. म्हणून मी एकेकट्या माणसांचेच फोटो घ्यायचो आणि गिऱ्हाइकाला कारण सांगायचो नाही.

लढाईच्या दिवसांत फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या. भाद्रपदातल्या एका ढगाळ दुपारी पारोळ्याकडचं एक शेतकरी जोडपं मुलाला घेऊन दुकानात आलं, तेव्हा माझ्याकडे एकच प्लेट उरली होती. मुलगा फौजेत भरती झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचा होता. मोठ्या स्टुडिओने त्यांना प्लेटा नाहीत म्हणून परत पाठवलं होतं.

“मना पोऱ्यानं तोंड साफ येवाले जोयजे, भाऊ,” आई म्हणाली.

मी मुलाला मधे बसवलं. तिने दंड धरून त्याला उठवलं. तिघांच्या फोटोत मधे बसेल तो जगत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“मधमा मी बससू,” ती म्हणाली, आणि बसली.

बाप म्हणाला, चौथा कोणी बसवा. पण चौघे बसले की माझ्या भिंगाची चांगली जागा दोघांच्या फटीत वाया जाणार. आणि बाप हयात असताना त्याला बाजूला ठेवून फोटो काढा, असं म्हणायची माझी छाती नव्हती. मी चिडलो. खरं कारण सांगायचं म्हणजे काच भिकार आहे हे कबूल करायचं, आणि ते काही जिभेवर येईना.

मुलगा पाणी पिण्याच्या निमित्ताने माझ्यामागे माठापाशी आला. हळूच म्हणाला, “मायनं तोंड साफ येऊ द्या. मी फोटू संगे लई जासू. मनं नही उनं तरी चाली.”

म्हणजे आईला मुलगा हवा होता आणि मुलाला आई. पुरं भिंग उघडलं असतं तर दोन आकडे मोजेपर्यंत आई लख्ख आली असती आणि मुलगा काठाला विरघळला असता. दुसरा एक उपाय मला ठाऊक होता. भिंगापुढे बारीक भोकाचा पुठ्ठा लावला की काठही सुधारतात. पण मग उजेड इतका कमी आत जातो की त्या आभाळात बारा आकडे मोजावे लागले असते, आणि तेवढा वेळ कोणी मान हलवता कामा नये. मुलाचं मागणं सोपं होतं. ते ऐकायला हवं होतं. मला दोघंही हवी होती. त्यात त्यांच्यासाठी किती आणि त्या स्टुडिओवाल्याची जिरवायला किती, हे मला आजही सांगता येत नाही.

पुठ्ठा लावला. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर चेहरे स्पष्ट दिसले तरी हे भिंग फसवतं, प्लेटीवर ते पुसट येतात, म्हणून मागची काच जवभर पुढे सरकवायची असते, ती सरकवली. प्लेट घातली.

“मी बारा मोजतो. माझ्याकडे बघा. अजिबात हलू नका.”

भिंगावरचं झाकण काढलं. एक, दोन, तीन. चार. पाच. सहा. सात. आईने मान वळवली आणि मुलाकडे पाहिलं.

माझा हात झाकणाकडे गेला. आता झाकलं तर प्लेट कच्ची राहणार आणि कोणीच येणार नाही. मी मोजत राहिलो. बाराला झाकण लावलं तेव्हाही ती त्याच्याकडेच बघत होती.

संध्याकाळी प्लेट धुतली. मुलगा साफ आला होता, ओठावरची कोवळी मिशी, सदऱ्याचं तुटकं बटण, सगळं. बापही बरा होता. मधे आईच्या एका पदराखाली दोन चेहरे एकमेकांत मिसळले होते, एक समोर, एक मुलाकडे वळलेला, दोन्ही पुसट. प्लेटीवर पेन्सिलीने दुरुस्ती करता येते, सगळेच करतात. मी दोन रेघा ओढल्या तर भलतीच कोणी बाई दिसायला लागली. त्या पुसून टाकल्या. मला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी मुलगा एकटाच आला. मी फोटो हातात देण्याआधीच सांगून टाकलं, “आईचा चेहरा हलला. चूक माझी आहे. तू म्हणाला होतास तसंच करायला हवं होतं.”

तो फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेला. आईच्या वळलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“मनाकडे देखी ऱ्हायनी व्हती?”

“हो. सात आकडे झाले आणि मान वळली.”

“सातलगून थांबनी ती?” त्याने विचारलं.

“हो, सातपर्यंत ती हलली नाही,” मी म्हणालो. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला.