पुराला दहापैकी किती

निवृत्त माणसाच्या हाती कोरी वही देऊ नये. आमचे हे आधी फौजेतून निवृत्त झाले, मग एका बँकेच्या दारावरच्या नोकरीतून, आणि त्यानंतर वहीत रकाने आखायला बसले. एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला सातारा. खाली तीन ओळी: हवा, फिरणं, आपत्ती. प्रत्येकीला दहापैकी गुण. उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, ते म्हणे या बेरजेवरून ठरणार होतं. ज्या गावचं पाणी पस्तीस वर्षं प्यायले, त्या गावाची हे आता परीक्षा घेणार.

हे खूळ त्यांचं एकट्याचं नाही. हल्ली फोन उघडला की कुठलं शहर राहण्याजोगं, याची यादी येते. यादी करणाऱ्यानं त्या गावात कधी धुणं वाळत घातलेलं नसतं. मी जन्मानं सांगलीची, नोकरीही इथल्याच शाळेत केली. घर नदीच्या बाजूला, पाणी येतं हे माहीत असून मीच हट्टानं दुमजली बांधून घेतलेलं. नदी चढू लागली की पुलावरचा पाणीपातळीचा आकडा आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ असतो. कितीला कोणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं, तेही. पाणी न पोचणाऱ्या विश्रामबागेतली मंडळी मात्र तेवढ्यात नटूनथटून पूर बघायला पुलावर येतात, भाजलेलं कणीस खात फोटो काढतात आणि "बापरे, किती पाणी" म्हणत घरी जाऊन जेवतात. "फिरण्याच्या ओळीत हेही धरा," मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी सांगलीला फिरण्यात तीन गुण दिले.

मोठ्या पुराची गोष्ट मी किती लग्नांत, किती बारशांत सांगितली असेल, त्याला गणती नाही. खालचा मजला बुडाला, आम्ही दोघं वर. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट खिडकीशी आली. मी ती परत पाठवली. माझं घर सोडून कुठल्या तरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर जाऊन झोपायचं, हे मला जमणारं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी भिजवलेले पोहे खाऊन ताठ बसले. आणि आमचा फौजी गडी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "सीमेवर काय केलंत देव जाणे, कृष्णामाईनं तर तुमची गाळण उडवली," असं मी चारचौघांत म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हेही हसायचे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही साताऱ्याला, ह्यांच्या पलटणीतल्या एका मित्राकडे गेलो. गाव बघायचं, असं नाव. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला डोंगर खोदून बांधलेल्या इमारतीत त्यांचा फ्लॅट, त्याच्या खालचा रिकामा. पहाटे आम्हाला किल्ल्यावर नेलं. वाटेत भेटेल तो निवृत्त सुभेदार नाहीतर हवालदार, आणि प्रत्येक जण छाती फुगवून श्वास घेतोय, ही हवा यानंच गिरणीत दळून आणल्यासारखी.

"वहिनी, हितली हवा म्हंजे औषध हाय. गोळी लागत न्हाई माणसाला," मित्र म्हणाले.

घरी त्यांच्या खिडकीत वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी होती, सातही खण भरलेले. कपाट उघडलं तर पावसाळा केव्हाच सरला तरी कोटाला बुरशीचा वास. कासच्या फुलांचं कौतुक ऐकलं, आणि फुलांच्या दिवसांत रविवारी गाड्यांच्या रांगेत ते स्वतः कसे अडकून पडले होते, तेही त्यांच्याच तोंडून ऐकलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ह्यांनी मात्र वही काढून हवेला नऊ आणि फिरण्याला दहा लिहिले.

मग आपत्ती. साताऱ्याला नऊ, सांगलीला शून्य. माझं डोकं फिरलं.

"हा मागचा डोंगर बघा," मी गॅलरीत उभी राहून म्हटलं. संरक्षक भिंतीतून अजून पाणी पाझरत होतं. "हा खाली आला तर चिठ्ठी पाठवून येणार आहे का? आमचा पूर सांगून येतो. धरणातून पाणी सोडलं की कळतं, पुलावरचा आकडा कळतो. माणसाला दोन दिवस मिळतात. आपत्ती असावी तर अशी, रीतभात असलेली. शून्य कसले देता?"

मित्र मान डोलावू लागले. "वहिनींचं खरं हाय की रं. दोन दिस मिळत्यात."

"मिळत्यात," हे म्हणाले. त्यांनी वही मिटली. "पर दोन दिस मिळून बी ही काय करती, ते इचार हिला."

मी हसले. वाटलं, आता तीच गोष्ट निघणार.

"बोट आली तवा माझा एक पाय बोटीत हुता," हे मित्राला सांगू लागले, माझ्याकडे न बघता. "ही म्हणाली, तुम्ही जा, मी नाही येत. पाय माघारी घेतला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या खालच्या कपाटात ऱ्हायल्या हुत्या. पाण्यात गेल्या. दोन दिस डोकं घणाघणा वाजत हुतं. उभा ऱ्हायलो की अंधारी यायची. म्हनून पडून हुतो. मी पाण्याला भीत न्हाई गड्या. मी पडलो तर ही एकटी काय करंल, त्याला भीत हुतो."

इतकी वर्षं मी ज्यावर लोकांना हसवलं, ते भिंतीकडे वळलेलं तोंड एका आजारी माणसाचं होतं. मला माझी लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता.

"सांगितलं असतं तर बोटीत बसली असतीस?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं. पण खिडकीशी आलेली ती बोट, मागे माझं घर, माझी भांडी, आणि तेव्हाची मी, असं सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि मला माझाच भरवसा वाटेना. क्षणभरच थांबले असेन.

तेवढा वेळ त्यांना पुरला. ते मित्राकडे वळले आणि म्हणाले, "खालचा फ्लॅट भाड्यानं देत्यात का, इचार की रं."