लावून ठेवलेलं बटन

माझ्या मोठ्या भावाची नोकरी माझ्या एका शब्दापायी गेली. घरात हे कोणी बोलत नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही. सगळ्यांना वाटतं, तो वेंधळा होता. तो वेंधळा नव्हता. उतावळा मी होतो, आणि पुढे भित्राही मीच निघालो.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होतो आणि भाऊ प्रतापनगरातल्या एका ठेकेदाराची गाडी चालवायचा. गाडी नवी, छोटी. जुन्या गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरत असे. हिचा पंखा विजेवरचा, पाणी तापलं की आपोआप चालू होणारा. त्या उन्हाळ्यात त्याचं हे ‘आपोआप’ बिनसलं. कधी चालू व्हायचा, कधी नाही. सुटा भाग मुंबईहून यायचा होता आणि मे महिना काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. मालक म्हणाले, भाग येईपर्यंत गाडी उभी राहू दे. भाऊच म्हणाला, ‘माहा लहान भाऊ आहे नं साहेब, तो करून देईन.’

हे ऐकून मला केवढी शिंगं फुटली! दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वायर, फ्यूज आणि एक काळं बटन घेऊन त्यांच्या अंगणात हजर. काम तसं सोपं होतं. रेडिएटरवरच्या आपोआप चालणाऱ्या स्विचच्या दोन वायरींना मी आणखी दोन वायरी जोडल्या आणि त्या आत, स्टीअरिंगखाली बसवलेल्या बटनापर्यंत आणल्या. मूळचा स्विच तसाच ठेवला. त्यानं पंखा सुरू केला तर उत्तम, नाहीतर हातानं करायचा. बटन दाबून पाहिलं, पंखा घों घों करत फिरला. मालकीणबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, ‘हुशार आहे हो तुमचा भाऊ.’ मग मी पंखा बंद केला. चाचणी झाली की मशीन बंद करायची, ही आमच्या केंद्रातली सवय. शिवाय इंजिन बंद असताना बॅटरी कशाला उतरवायची?

भाऊ तेवढ्यात आतून गाडीची किल्ली घेऊन आला. मला दुपारच्या शिफ्टची बस गाठायची होती. मी पाने-पक्कड पिशवीत कोंबत होतो.

‘झालं का गा?’ त्यानं विचारलं.

‘हो. बटन लावून ठेवलं आहे. काही फिकर करू नको.’

एवढं बोलून मी पळालो. मला म्हणायचं होतं, बटन बसवून ठेवलं आहे. त्यानं ऐकलं, बटन चालू करून ठेवलं आहे, गाडी सुरू झाली की पंखा फिरेल. आपल्याकडे पंखाही लावतात, दिवाही लावतात आणि भिंतीला तसबीरही लावतात. त्यात त्याचं काय चुकलं? ‘निघाल्यावर खाली दाब’ एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता?

दुपारी लग्नाच्या खरेदीसाठी तो मालकीणबाईंना घेऊन जरीपटक्याच्या बाजारात गेला. गर्दीत गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. वारा नाही, मूळच्या स्विचनंही दगा दिलेला, पंखा बंद. काटा लाल रेघेकडे गेला. त्यानं तो पाहिला, पण पंखा चालूच आहे, हा उन्हाळ्याचाच ताप आहे, असं त्याला वाटलं. बाजाराच्या गोंगाटात पंख्याचा आवाज येतो की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन जाम झालं.

दुसऱ्या दिवशी मी प्रतापनगरला गेलो तेव्हा मेकॅनिक बॉनेट उघडून उभा होता. त्यानं बटन दाबलं आणि पंखा झोकात फिरला. ‘वायरिंग फर्स्टक्लास आहे साहेब,’ तो म्हणाला, ‘ड्रायव्हरनं चालूच केलं नाही.’

मालक माझ्याकडे वळले. ‘तुम्ही त्याला सांगितलं होतं ना, बटन चालू करायचं म्हणून?’

भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो खरोखरच आठवून पाहत होता, मी नेमकं काय म्हणालो होतो ते. माझी पाचावर धारण बसली. इंजिनाचा खर्च माझ्या गळ्यात पडेल, केंद्रात बोभाटा होईल, असं काहीबाही डोक्यात आलं.

‘हो,’ मी म्हणालो, ‘सांगितलं होतं.’

‘मंग माहीच चूक आहे साहेब,’ भाऊ लगेच म्हणाला. ‘मलेच समजलं नाही.’

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. वाटेत तो मलाच समजावत होता, ‘तू काहून तोंड पाडून राहिला? तुनं तं काम चांगलं केलं होतं.’ तिथं तरी मी बोलायला हवं होतं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मालकांनी मात्र मला धरून ठेवलं. दर उन्हाळ्यात त्यांचे कूलर मीच जोडून द्यायचो. मालकीणबाई सरबत आणून द्यायच्या आणि हसत म्हणायच्या, ‘एकाच आईची लेकरं, पण केवढा फरक!’ मी सरबत पीत असे.

भावाला कोळशाच्या ट्रकवर काम मिळालं. आमच्याच केंद्रात कोळसा टाकायला यायचा. एकदा फाटकावर ट्रक खोळंबला होता, म्हणून मी त्याला चहा नेऊन दिला. कॅबिनमध्ये भट्टी पेटल्यासारखी धग होती. काळ्या हातांनी ग्लास धरून त्यानं विचारलं, ‘साहेबांकडे जातं नं तू? माहं नाव काढतेत का कधी?’

‘काढतात की,’ मी म्हणालो. ‘तुझ्यासारखा ड्रायव्हर मिळाला नाही म्हणतात.’

तेवढ्यावर तो खूश झाला.