दुःखाची देऊ नका, बिडी सैल होते!

वाचनालयातून पुस्तकं बाहेर जातात आणि नशीब चांगलं असेल तर परत येतात. किस्से मात्र नुसते आत येतात. त्यांना कुणी नेत नाही, आणि ठेवायला कपाटही लागत नाही. अड्याळच्या आमच्या छोट्या वाचनालयात मी बारा वर्षं ग्रंथपाल होतो. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात गावात टीव्ही यायचा होता. 'ग्रंथपाल' हा शब्दही यायचा होता, त्यामुळे सगळे मला 'पुस्तकवाले भाऊ' म्हणायचे.

हल्ली कुणी 'आजची तरुण मुलं वाचत नाहीत' असं म्हणालं की मला आमचे अध्यक्ष धनराजजी आठवतात. कारण ते हेच वाक्य तेव्हा दरवर्षी म्हणायचे.

*

धनराजजी धानाचे व्यापारी. वार्षिक सभेत त्यांचं भाषण ठरलेलं असायचं: तरुण पिढी आणि तिची वाचनाकडे पाठ.

एका वर्षी मागच्या रांगेतले तीन पोट्टे भाषणभर मान खाली घालून बसले होते. तिघांच्या मांड्यांवर मिळून एकच रहस्यकथा उघडी होती. मधल्याचं वाचून व्हायचं, पण डावीकडचा हळू वाचणारा, म्हणून पान उलटायला उशीर लागायचा. भाषण संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या तिघांनी मान वर केली नाही, कारण प्रेत नुकतंच सापडलं होतं.

धनराजजी गहिवरले. मला म्हणाले, "पाहा भाऊ, बोलणं मनाले लागलं पोट्ट्याईच्या!"

*

नवीन कादंबऱ्या आणायला धनराजजी आणि मी नागपूरला जायचो. निवड तेच करायचे. दुकानदार लेखकाचं नाव सांगायचा, कथा सांगायचा. धनराजजी पुस्तक तळहातावर घेऊन धानाच्या नमुन्यासारखं जोखायचे.

"पातळ कायले घ्याची? त्याच भावात जाड येऊन राहिली ना!"

मी एकदा धीर करून म्हटलं, "पण कथा कशी आहे तेही पाहायला पाहिजे."

"एवढी जाड आहे," ते म्हणाले, "अंदर कुठं ना कुठं चांगली असनच!"

*

तर त्या जाड कादंबऱ्या वाचायचं कोण? गावातली तरुण मंडळीच. त्यांतला पहिला मनोहर. तो रोज भंडाऱ्याला कॉलेजात जायचा आणि खुनाच्या गोष्टी वाचायचा. पुस्तक परत देताना पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून द्यायचा. का, तर पुढच्याचा वेळ वाचावा म्हणून. हा स्वभावानं परोपकारी मुलगा होता.

तक्रारी आल्या. मी त्याला बोलावून झापलं. "पुन्हा खुन्याचं नाव लिहिलंस तर पुस्तक मिळणार नाही."

मनोहरनं शपथ घेतली आणि शपथ पाळली. पुढचं पुस्तक परत आलं तेव्हा पहिल्या पानावर कथेतल्या सगळ्या पात्रांची यादी होती, एक सोडून. खाली लिहिलं होतं, 'यांच्यावर उगाच संशय घेऊ नये.'

*

हाच मनोहर सकाळच्या एसटीत वाचायचा. कंडक्टरनं एकदा मागून डोकावून दोन पानं वाचली आणि तो अडकला. मग दोघांत करार झाला. जाताना मनोहर वाचणार, दिवसभर पुस्तक कंडक्टरकडे, संध्याकाळच्या गाडीत परत.

आठ दिवसांत मनोहर माझ्याकडे रडकुंडीला येऊन उभा.

"भाऊ, तो माह्यापुढं निंगून गेला. आता सगळ्या गाडीले सांगून राहिला पुढं काय होते ते! आज तं ड्रायव्हरनं पुलावर गाडी थांबवली."

"का?"

"गोष्टीत घाटावर मेलेली बाई सापडते ना, तवा."

*

पण आमच्या वाचनालयाचे खरे दर्दी वाचक वाचनालयात फारसे आलेच नाहीत. ते बसायचे बिडीच्या ठेकेदाराच्या छपरीत.

गावातल्या बाया तिथं दिवसभर बिडी वळायच्या. समोर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि दोरा. बाराजणी बसायच्या आणि त्यांच्यात एकटी कांता मॅट्रिक झालेली. वय एकोणीस, आवाज खणखणीत. आमच्याकडून स्वतःच्या नावावर नेलेली कादंबरी ती भिंतीला टेकून वाचायची आणि बाकीच्या अकराजणी वळता वळता ऐकायच्या. मग कांताच्या बिड्यांचं काय? जिची तिची मूठभर बिडी जाता-येता कांताच्या सुपात पडायची. संध्याकाळी कांताच्याही हजार बिड्या तयार. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. ठेकेदाराला माहीत होतं. तिचे वडील डोमाजी बायांच्या छपरीकडे फिरकत नसत, त्यामुळे त्यांना तेवढं माहीत नव्हतं. आपली लेक दिवसभर बिडी वळते आणि घरी येऊन वर कादंबऱ्या वाचते, अशी त्यांची समजूत होती.

एक दिवस ठेकेदार स्वतः वाचनालयात आला. मला वाटलं, सभासद व्हायला आला.

"भाऊ, त्या पोरीले दुःखाची पुस्तकं देत नका जाऊ."

"का बुवा?"

"बिडी सैल होते. काल ते नायिका विधवा झाली, अर्धा माल फेकावा लागला!"

मी समजुतीनं म्हटलं, "बरं, रहस्यकथा देतो."

"ते तं नकोच! मागच्या खेपेले खून झाला, तं अशा आवळल्या बायाईनं, की ओढताच येत नव्हत्या." थोडा विचार करून तो म्हणाला, "मधली काही ठेवता का? घरगुती. सासू-सुनेचं भांडण असलं तं चालते. हात बराबर चालते त्यात."

पुढची दोन वर्षं आमच्याकडे घरगुती कादंबऱ्यांचं कपाट वेगळं होतं. ते का, ते अध्यक्षांना कधी कळलं नाही.

*

छपरीत मतं ठामपणे मांडणारी म्हणजे सरूआजी. साठीची, अक्षरशत्रू, पण कादंबरी तिच्यापुढे टिकली तर टिकली! नागपूरला जाण्याआधी मी तिला विचारून यायचो, म्हणजे धनराजजी जाडी पाहत असताना मला दुकानदाराशी निदान काही बोलता यायचं.

त्या वर्षी एका नव्या कादंबरीचा मोठा बोलबाला होता. नायिका शिकलेली, मनात सतत विचार. मी हौसेनं आणली. आठवड्यानं छपरीत जाऊन विचारलं, "कशी आहे, आजी?"

"बाईले काही बिमारी आहे का?"

"नाही. का?"

"तीनशे पानं झाली बाप्पा. या बाईनं अजून चूल पेटवली नाही!"

*

आता डोमाजींचं सांगतो. कांताला दोन स्थळं आली. एकानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं उत्तरच धाडलं नाही. डोमाजींनी दोन्हींचं खापर कादंबऱ्यांवर फोडलं आणि वाचनालयात आले.

"भाऊ, पोरीचं नाव कापा. कादंबऱ्या वाचणारी पोरगी कोण करन?"

मी कापलं. वडिलांपुढे मी काय बोलणार? पण वाईट वाटलं, आणि ते अजूनही वाटतं. कांता संध्याकाळी शेवटचं पुस्तक परत द्यायला आली. माझ्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, लगन करा, कोणाशीबी करा. मी नाही कुठं म्हणते? पण वाचणं सुटाले नाही पायजे. सासरी नेऊन मले सुपापुढं बसवलं तं मी काय करू? मले तं बिडी वळताच येत नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूआजी वाचनालयाच्या पायरीवर हजर.

"माह्यं नाव लिव्ह."

मी फॉर्म भरला. तिनं अंगठा उठवला. मी कपाटाकडे वळून रीतीप्रमाणे विचारलं, "कोणतं देऊ, आजी?"

"जे मी वाचलं नाही ते दे," आजी म्हणाली.

त्या वर्षी सर्वांत जास्त पुस्तकं वाचल्याबद्दल सरूआजीचा सभेत नारळ देऊन सत्कार झाला. धनराजजींनी तरुणांना तिचा आदर्श ठेवायला सांगितलं. टाळ्या सगळ्यात जोरात डोमाजींनी वाजवल्या.

*

वैशाखात तिसरं स्थळ आलं. सानगडीचं. मुलगा शेती पाहणारा, घरचं बरं, आई बिडी वळणारी. हे मोडलं तर पोरगी घरात राहील, असं डोमाजींनी मनात घेतलं होतं. पाहुण्यांशी बोलायला शिकलेला माणूस हवा म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि दारातच बजावलं, "धानावर बोला, पाण्यावर बोला. पुस्तकाचं नाव काढू नका!"

मी धानावर बोललो. धान संपल्यावर तलावावर बोललो. मुलगा लाजाळू होता, तो पोह्यांकडे पाहत होता. छपरीतल्या अकराही बाया कामाला दांडी मारून दारात उभ्या होत्या.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी काय करते जी?"

"बिडी!" डोमाजी म्हणाले. "रोजची हजार. पाहिजे तं गावात विचारा."

दारातल्या बायांनी एकदम माना हलवल्या. त्यांत खोटं काही नव्हतं. हजार तर रोज व्हायच्याच.

मुलाची आई उठली, कोपऱ्यातलं सूप उचललं, त्यात पानं, तंबाखू आणि दोरा होताच, आणि कांतापुढे ठेवलं. आमच्याकडे पोरीचा हात असाच पाहतात.

"वळ बाई एक."

कांतानं पान उचललं. त्या एका बिडीला इतका वेळ लागला, की मुलाच्या वडिलांचा दुसरा चहा पिऊन झाला. बिडी तयार झाली तेव्हा एका टोकाला अंगठ्याएवढी होती, दुसऱ्या टोकाला काहीच नव्हती, आणि मधून तंबाखू गळत होता.

"थंडीनं बोटं आखडली पोरीची," सरूआजी दारातून म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

मुलाच्या आईनं ती बिडी घेतली, फिरवून पाहिली, खाली ठेवली. मग कांताचा हात धरला आणि बोटं उलटी करून पाहिली. वळणाऱ्या बाईच्या बोटांवर तंबाखूचा डाग असतो, तो जन्मभर जात नाही. कांताची बोटं स्वच्छ होती.

डोमाजींचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांना आज पहिल्यांदाच काही कळत होतं, आणि तेही सगळ्यांदेखत.

कांतानं हात सोडवून घेतला नाही. मान वर केली आणि सरळ सांगितलं, "मले वळता येत नाही जी. माह्या वाटच्या बिड्या या बाया वळतात. मी त्याईले कादंबऱ्या वाचून दाखवते. लगन झालं तरी मी वाचीन."

डोमाजींनी कपाळाला हात लावला.

मुलाच्या आईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग दारातल्या बायांकडे.

"आवाज पोचते का सगळ्याईपर्यंत?"

"मागच्या भिंतीपर्यंत," सरूआजी म्हणाली.

"आमच्या सानगडीच्या छपरीत बावीस बाया आहेत," मुलाची आई म्हणाली. "आमची वाचणारी होती, ते दिवाळीनंतर लगन होऊन गेली. तवापासून नायिका दवाखान्यात पडून आहे. जगली का मेली, कोणालेच मालूम नाही." मग डोमाजींकडे वळून, त्यांना व्याही करून टाकत म्हणाली, "इवाईजी, याच महिन्यातली तारीख काढा."

डोमाजींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी सरूआजी उंबरा ओलांडून आत आली.

"याच महिन्यात कसं होईन बाई?" ती म्हणाली. "आमची अजून दीडशे पानं बाकी आहेत!"