पाड्यावर माणसं किती

ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना टॉवर दिसतात. कल्याणहून मुरबाडकडची एसटी धरा, शेवटच्या स्टॉपला उतरा आणि दीड तास चढा. तोही ठाणे जिल्हाच. वर अठरा घरांचा पाडा, वाटेत ओढा. पावसात ओढा भरला की बाळंतीण वरच अडकते. एका सुनेचं पहिलं मूल तसंच गेलेलं. आम्हाला रस्ता हवा होता आणि ओढ्यावर पूल.

मी डोंबिवलीची, संघटनेची कार्यकर्ती. पाड्यावर गेलेले ते भातलावणीला, तेव्हा घरांत माणसं मावत नव्हती. परत येऊन पत्रकं छापली, धरणं धरलं. मागणी एकच, ताबडतोब पाहणी करा. फेब्रुवारीत तारीख मिळाली. आम्ही पेढे वाटले.

तालुक्याच्या साहेबांना घेऊन वर पोचले तर दारांना काटेरी फांद्या बांधलेल्या. एका ओट्यावर म्हातारा दोरी वळत बसलेला.

"बाबा, इथं किती माणसं राहतात?" साहेबांनी विचारलं.

"दोन. मी न् म्हातारी."

"बाकीची?"

"वीटभट्टीवर. दिवाळी झाली की डोंगरात खायला काय हाय?"

मी रेशनकार्डांच्या झेरॉक्स पुढे केल्या. साहेब म्हणाले, "ही कार्डं चालायला लागली की रस्ता देऊ." बरोबरचे हसले. वहीत 'वस्ती: दोन' असं लिहून सगळे उतरायला लागले.

मी म्हाताऱ्यावर ओरडले. एक दिवस खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

"ताय," तो म्हणाला, "तारीख घेताना आमाला इचारलंस का?"

डोंगर चार महिने पोसतो, आठ महिने हाकलतो. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. माझ्या पत्रकात नव्हतं. पत्रकात 'उपेक्षित' होतं, दर परिच्छेदात.

शीळफाट्याजवळच्या भट्टीवर सांगायला मलाच जावं लागलं. ती सून विटांच्या मातीचा गारा तुडवत होती, पुन्हा पाचवा महिना. सासू विटा थापत होती. ऐकूनही तिचा हात थांबला नाही.

"दोन? मग आमी काय बकऱ्या?" शेजारच्या बाया हसल्या. "ताय, तुमच्या डोंबिवलीत सकाळी सगळी कामाला जातात. दुपारी येऊन मोजलं तर किती निघतील? मग तुमचा रस्ता उचलून नेतात का?"

मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू.

"अर्जाला येळ हाय. हिला नाय." तिनं मुकादमाला हाक मारली. "पावसात राखणीला माणूस पायजे म्हणत होतास ना? ही दोघं राहतील, पोरगा न् सून."

"ताडपत्री गळते, आधीच सांगतो," मुकादम म्हणाला.

"गळू दे. हितं रिक्षा तरी येते."

सुनेला कोणी विचारलं नाही. तिनं चिखलातून एक पाय उपसला, दुसरा रोवला.

म्हणजे आता भर पावसात मोजलं तरी पाडा कमीच भरणार. तेवढं मात्र आमच्या आंदोलनानं साधलं.