बिल्ल्यावरचं कुलूप

आमच्या आर्णीत कुणाला काही विचारायची लाज नाही. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस पहिल्या फाट्याच्या आत तुमचा पगार विचारतो आणि दुसऱ्याच्या आत मूलबाळ काहून नाही ते. अशा गावात सदाशिवरावांना चार वर्षं कुणी एक प्रश्न विचारला नाही, आणि त्या एका प्रश्नासाठी हा माणूस झुरत होता.

सदाशिवराव जिनिंगात काट्यावर बसत. कापसाच्या गाड्या येत, ते वजन पुकारत. स्वतः कधी कुणाला एका शेराला फसवलं नाही. शेठजी मात्र गाडी काट्यावर आली की सहज म्हणून जवळ येत आणि काट्याच्या दांड्याला हळूच पाय लावत. त्या वेळी सदाशिवराव चष्मा पुसायला घेत. असा स्वच्छ चष्मा तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

छप्पन सालच्या दसऱ्याला ते साडूकडे नागपूरला गेले. त्या दिवशी नागपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगावची माणसं पांढरे कपडे घालून उघड्या मैदानावर धम्म घ्यायला आली होती. सदाशिवरावांना गर्दी सोसेना. ते एका गल्लीत शिरले आणि तिथे त्यांना एक बंद फाटक दिसलं. फाटकावर कंपास आणि सुताराचा गुण्या अशी, साहेबाच्या काळातल्या कुठल्याशा गुप्त बंधुमंडळाची खूण होती. आत काय चालतं, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, इथेच म्हातारा झालो, पण मलाही माहीत नाही. मैदानात अख्खा जमाना कूस बदलत होता आणि आमचे सदाशिवराव एका फाटकावर भाळून परत आले.

घरी येताच त्यांनी गुप्त बंधुमंडळ काढलं. मंडळ तिघांचं. स्वतः ते, कापड दुकानवाले पुंडलिकराव आणि जवळच्या तांड्यावरचे किसनसिंग. सभा सदाशिवरावांच्या ओसरीवर दार लावून भरे. त्यांच्या आणि आमच्या घरामधली भिंत पुरुषभर उंच आणि वर कवेलूंच्या छपरापर्यंत मोकळी होती. मंडळाचं जे काही गुप्त होतं ते आम्ही भाकरी खाता खाता ऐकत असू.

मंडळ कशासाठी हे शेवटपर्यंत ठरलं नाही, पण खूण कोणती यावर सहा महिने भांडण झालं. सदाशिवरावांना तराजू हवा होता. पुंडलिकरावांना कापड मोजायचा गज हवा होता. किसनसिंगांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, त्यामुळे त्यांचा हट्ट बैलाचा. शेवटी पुंडलिकरावांना अध्यक्ष करून गज वगळला आणि बैलाची नुसती शिंगं घेतली. पितळी बिल्ला यवतमाळच्या कासाराकडून घडवून आणला. वर डोळा, मधे तराजू, खाली कुलूप आणि भोवती शिंगं. ही शिंगं म्हणजे ज्ञानाची चंद्रकोर, असा अर्थ पुंडलिकरावांनी लावला. किसनसिंग म्हणाले, बैल म्हणजे बैल.

शपथही झाली. जगातले सारे मानव बंधू आहेत, पण बिल्ल्याचा अर्थ कुणाला सांगायचा नाही, बायकोलाही नाही. नवा बंधू आपण होऊन बोलवायचा नाही. बाहेरचं जे माणूस तीन वेगवेगळ्या दिवशी स्वतःहून अर्थ विचारील, तेच लायक. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा पोटाशी धरायचं.

मग वाट पाहणं सुरू झालं. सदाशिवराव सदऱ्यावर बिल्ला लावून बाजारात फिरत, छाती पुढे काढून उभे राहत, उगाच खोकत. लोक बिल्ल्याकडे बघत, गप्प होत आणि वाट सोडत. त्याचं कारण असं की त्याच सुमाराला सरकारनं शेर-छटाक बंद करून किलो आणले होते आणि वजनं तपासणारे साहेब गावोगाव फिरत होते. सदाशिवरावांचा बिल्ला पाहून गावानं ओळखलं, हा सरकारचा गुप्त माणूस. डोळा म्हणजे नजर ठेवणार, तराजू म्हणजे वजनं तपासणार, कुलूप म्हणजे दुकानाला लावणार. शिंगांचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या पापाप्रमाणे लावला. आमच्याकडे माणूस विचारत नाही तो लाजेनं नव्हे, त्याला आधीच सारं कळलेलं असतं म्हणून.

इंदूबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाण्याकडून तुरीची डाळ मापापेक्षा जास्त मिळू लागली, तीही निवडलेली. त्यांना गावाचा समज ठाऊक होता. नवरा रात्री उसासे टाकी, लोकांमध्ये जिज्ञासाच उरली नाही म्हणे. त्या हूं म्हणत आणि वरणाला फोडणी देत.

अखेर विचारलं ते कांताबाईनं. ही बाजारात भाजी विकायची, पण वाट्यानं. वांग्यांचा एक वाटा, मिरच्यांचा एक वाटा. तिच्याजवळ शेरही नव्हता आणि किलोही नव्हता, तेव्हा बिल्ल्याला भ्यायचं तिला कारण नव्हतं. त्या दसऱ्याला नागपूरच्या मैदानात तीही होती. पहिल्या बाजाराला तिनं विचारलं, दुसऱ्या बाजाराला विचारलं. सदाशिवरावांनी दोनदा नियमाप्रमाणे नाही म्हटलं आणि घरी येऊन आनंदाच्या भरात जेवलेच नाहीत. तिसऱ्या बाजाराला ती म्हणाली, "सांगा नं भाऊ. का चोरीचं हाये?"

सदाशिवराव म्हणाले, पुढच्या बाजारी सांगतो. त्याच संध्याकाळी सभा भरली.

एवढी मोठी सभा त्या ओसरीनं पाहिली नव्हती. पुंडलिकराव आधी म्हणाले की बंधुमंडळात बाई बसत नाही. मग म्हणाले, मिरच्या देता देता विचारलेलं धरायचं नसतं. मग म्हणाले, तिला आत बसवायचं म्हणजे पाणी द्यावं लागेल, आणि तिथे थांबले. खरं कारण ते होतं. किसनसिंगांनी एवढंच विचारलं, की सारे मानव बंधू हे कुणी लिहिलं होतं. ते पुंडलिकरावांनीच लिहिलं होतं. शेवटी ठरलं की नियम तीनदा नव्हे, सात वेळा विचारण्याचा आहे आणि तो पूर्वीपासूनच तसा आहे. भिंतीअलीकडे मला या लोकांची किळस आली. सदाशिवराव चष्मा पुसत होते, हे मला न पाहताही कळलं.

पण पुढच्या बाजारी ते सरळ कांताबाईच्या पोत्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "डोळ्यानं सारं पाहाचं, तराजूनं खरं-खोटं तोलाचं, अन् कुलूप म्हणजे कोणाले सांगाचं नाई."

कांताबाईनं वांग्यांवर पाणी शिंपडलं. "पाह्यलं बी, तोललं बी, अन् मंग तोंडाले कुलूप? तं मंग पाह्यलं कायले, भाऊ? आमाले तं जे सांगतलं ते भर मैदानात सांगतलं."

सदाशिवराव उठून तडक सोनाराकडे गेले आणि बिल्ल्यावरचं कुलूप कापून घेतलं. मंडळानं त्यांना काढून टाकलं. गावानं तेवढ्यात ओळखलं की यांचा दुकानाला कुलूप लावायचा हक्क सरकारनं काढला. पहिल्याच आठवड्यात इंदूबाईंच्या डाळीत खडे निघाले. नवऱ्यानं चार वर्षांत कमावलेलं एकुलतं एक सुख गेलं म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला. जिनिंगाच्या फाटकापासून सडकेपर्यंत बैलगाड्यांची रांग होती. पहिली गाडी काट्यावर आली. शेठजी सहज म्हणून जवळ आले. सदाशिवरावांचा हात चष्म्याकडे गेला आणि परत खाली आला.

"शेठजी, पाय काढा," ते म्हणाले. "मले दिसून राह्यला."

रांगेतले गाडीवान एकेक करून खाली उतरले. पहिल्या गाडीवानानं जवळ येऊन त्यांच्या छातीवरचा बिल्ला निरखला आणि विचारलं, "भाऊ, हे कायची निशाणी हाये?"

सदाशिवरावांनी त्याला सांगितलं. मागच्याला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यालाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून काट्यावर दुसरा माणूस बसला.