वस्तादांचा हमाल

वस्तादांच्या दुकानात इंग्रजीशिवाय पान हलत नसे. घाटनांदूरच्या त्या मोटार रिवायंडिंगच्या गाळ्यात दिवसभर कॉइल, व्हार्निश, बेअरिंग, स्टार्टर एवढंच कानावर पडायचं. पण त्याच गाळ्यात बसून ते मोबाइलवर जी कुस्ती चालवायचे, तिच्यात मात्र त्यांना इंग्रजीचा एक शब्द खपत नसे. कुणी चुकून 'प्रोमो' लिहिलं की लगेच उत्तर यायचं, "ललकारी म्हणा. प्रोमो साबणाचा आसतो."

टीव्हीवरच्या कुस्तीचे वेडे असे आम्ही वीस-बावीस जण त्यांच्या ग्रुपवर होतो. प्रत्येकाने मनाने एक पैलवान रचायचा, त्याच्या तोंडून समोरच्याला आव्हान, म्हणजे ललकारी, लिहायची आणि रविवारी कोण जिंकलं ते ठरवून वस्ताद आख्खी लढत लिहून काढायचे. अंगाला माती कुणाच्याच लागायची नाही. मी अंबाजोगाईला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. माझा पैलवान होता 'कर्दनकाळ'. नावाखेरीज त्याच्यात काळासारखं काही उरणार नाही, याची व्यवस्था पुढे वस्तादांनी केली.

या खेळाचे शब्द सगळीकडे ठरलेले आहेत. सज्जन पैलवान तो 'फेस', दुर्जन तो 'हील', दुसऱ्याला मोठं करण्यासाठी हरत राहणारा तो 'जॉबर'. वस्तादांनी त्यांचे सरळ, वाकडा आणि हमाल करून टाकले. एखाद्याला ओळीने जिंकवत वर नेण्याला 'पुश' म्हणतात. त्याला त्यांनी 'खांदा देणं' असा शब्द काढला.

मी म्हणालो, "वस्ताद, खांदा मयताला देतात."

"मग? वर उचलत्यातच की."



त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'लंगोट'. हा सगळा खेळ रचलेला आहे हे चारचौघांत कबूल करायचं नाही, ग्रुपवर आपापल्या पैलवानाच्याच तोंडून बोलायचं, या नियमाला ते लंगोट म्हणायचे. कुणी मध्येच स्वतःच्या नावाने, "आज बायकोला बरं नाही, ललकारी उद्या देतो," असं लिहिलं की तंबी यायची, "लंगोट सांभाळा बे!"

हे ग्रुपपुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. धर्मापुरीला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्या घरच्या ओळखीचे म्हणून आईने वस्तादांना सोबत घेतलं. मुलीचे काका तासभर स्वतःच्या ओळखीपाळखी सांगत होते. वस्तादांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "ललकारी झ्याक झाली. आता पोरीला बोलवा." बैठक गार पडली. ते स्थळ अर्थातच फिसकटलं. परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती आणि हे मला समजावत होते, "बरं झालं सर. लंगोट लई घट्ट बांधल्याला हुता त्यांनी. एक शब्द खरा बोलले न्हाईत." त्या दिवशी मी मधल्याच थांब्यावर उतरून जाण्याच्या बेतात होतो.

खरा भडका उडाला तो सुदाममुळे. सुदाम नेकनूरकडचा, हंगामात बायकोसोबत ऊसतोडीला जाणारा. मी चौदा कुस्त्या हरलो होतो. पंधरावी त्याच्या 'वादळ्या'शी लागली. मी चार दिवस घासून ललकारी लिहिली. सुदामची आली ती ठरल्या वेळेनंतर तीन दिवसांनी, चारच ओळी, त्याही अशुद्ध. वस्ताद तीन दिवस थांबले आणि त्यालाच जिंकवलं. माझा तोल गेला. मी ग्रुपवर माझ्या खऱ्या नावाने लिहिलं, "ज्यांना दहावीचं इंग्रजी सुटलं नाही ते इथे शब्दांचा न्याय करतात."

थोड्या वेळाने दोनच शब्द आले, "लंगोट सुटला." पुढच्या रविवारी कुस्तीच झाली नाही.

सोमवारी मी घाटनांदूरला गेलो. वस्ताद जळालेल्या मोटारीतली तार उपसून काढत होते. मान वर न करता म्हणाले, "चिडला कावून सर?"

"माझी ललकारी चांगली नव्हती?"

"लई चांगली हुती."

"मग?"

"सुदाम फडात मोळ्या बांधता बांधता शब्द जुळवतो. तुमच्यासंगं कुस्ती लागली की आठ दिस त्याच्या डोक्यात दुसरं काई नसतं. बाकीच्यांसंगं तो आसाच कायबी लिहितो. सगळ्यांचंच तसं हाय. तुमच्यासमोर जो तो लिहायला शिकतो. तुमाला जिंकवलं तर दुसरा हमाल आणू कुठून?"

"म्हणजे मी जन्मभर हरायचं?"

"चहा घ्या," ते म्हणाले.

मी माफी मागितली नाही, त्यांनीही ती मागायला लावली नाही. रविवारी कुस्ती झाली. मी सोळावी हरलो.

गेल्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली आणि अंबाजोगाईला नेताना वाटेतच ते गेले. तेराव्याला ग्रुपमधले नऊ जण आले. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मांडवाच्या कडेला उभे होतो, तेव्हा काकू, म्हणजे वस्तादांची बायको, जवळ आल्या आणि एकेकाला नाव विचारू लागल्या. सुदामने स्वतःचं नाव सांगितलं, त्यांच्या काही लक्षात येईना. मग तो ओशाळत म्हणाला, "वादळ्या." काकूंचा चेहरा उजळला. "आत्ता बया, वादळ्या व्हय तुमी! हे जेवताना मला समदं वाचून दाखवायचे." मग बाकीच्यांनीही पैलवानांची नावं सांगितली. काकूंना एकूण एक माहीत होती.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "कर्दनकाळ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी? तुमाला हरवायचं आसलं की ताटातलं गार व्हायचं बघा. दोनदा लिहायचे, खोडायचे. म्हणायचे, ह्या मास्तरला हरवाया जीव धजत न्हाई."

"मग एकदा तरी जिंकवायचं होतं ना, काकू!"

"मीबी तेच म्हणायची," काकू म्हणाल्या, आणि मला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं.